साष्टीतला मास्तर

फादर थॉमस स्टीफन्स यांचं नाव मराठीत वर्षातून एकदा तरी निघतंच. २७ फेब्रुवारी जवळ आला की मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या दोन-चार ओव्या शाळांच्या फळ्यांवर, कार्यक्रमपत्रिकांवर आणि पाहुण्यांच्या भाषणांत दिसायला लागतात. रत्नांत अमुक श्रेष्ठ, फुलांत तमुक श्रेष्ठ, तशी भाषांत मराठी, अशा धाटणीच्या त्या ओव्या. टाळ्या पडतात. ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे. त्यातल्या या मूठभर ओव्या सोडून बाकीच्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. पाहुण्यांनीही बाकीचा ग्रंथ उघडलेला नसतो, हे एव्हाना सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या सोलापूरपासून दीड-दोन तासांवर, उस्मानाबादला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड झाल्यापासूनच त्यांच्या धर्मावरून विरोधाचे सूर उठले होते. त्यांच्या बाजूने बोलणारे लोक काय करायचे? ते स्टीफन्सची साक्ष काढायचे. बघा, ख्रिस्ती माणसाने चारशे वर्षांपूर्वी मराठीवर किती प्रेम केलं! हेतू चांगलाच होता. पण मला त्या वेळीही हा युक्तिवाद खटकला आणि आजही खटकतो. ज्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या मराठीच बोलली गेली, त्याने मराठी असण्याचा पुरावा म्हणून एका इंग्रज जेझुइटाचा दाखला का जोडायचा? आणि स्टीफन्स तरी असा दाखला देण्यासाठी लिहीत होता का?

स्टीफन्सला आपण दोन खणांत ठेवलं आहे. एका खणात तो मराठीचा भाट आहे, दुसऱ्या खणात धर्मांतराचं गोड हत्यार चालवणारा कावेबाज पाद्री आहे. दोन्ही खणांतल्या लोकांना ग्रंथ वाचण्याची गरज पडत नाही. मी तो गेल्या काही वर्षांत हळूहळू वाचला, कधी दिवसाला पन्नास ओव्या, कधी महिनाभर एकही नाही. माझ्यापुरतं मला तिसरंच काही दिसलं. हा ग्रंथ वर्गात जन्मलेला आहे. परक्या मुलखात, परक्या भाषेत, आयुष्याची चाळीस वर्षं शिकवण्यात घालवलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे. त्यातलं चांगलं आणि त्यातलं भीषण, दोन्ही त्या वर्गातूनच आलं आहे.

मी स्वतः सोलापुरात पूर्व भागातल्या मुलांना मराठी शिकवण्यात नोकरी संपवली. घरात तेलुगू, रस्त्यावर हिंदी-मराठी-कन्नडची मिसळ आणि शाळेत माझी मराठी, अशी ती मुलं. आई विड्या वळणारी, बाप यंत्रमागावर. त्यामुळे एखादं पुस्तक मास्तराने लिहिलेलं आहे की नाही, हे मला जरा लवकर कळतं, असा माझा समज आहे. मास्तराच्या लिहिण्यात समोरचा चेहरा असतो. एक गोष्ट तो तीनदा सांगतो, कारण मागच्या बाकावरचा पहिल्या दोन वेळा खिडकीबाहेर बघत होता.

‘क्रिस्तपुराणा’ची सुरुवात आठवा. आधी रीतसर नमन आहे, मराठी पुराणकार करतात तसंच, फक्त गणपती-शारदेच्या जागी आकाशातला बाप. त्यानंतर प्रसंग येतो तो साष्टीतला. एका आदितवारी पाद्री-गुरू नवख्रिस्ती लोकांना धर्म शिकवतो आहे. तेव्हा एक जाणता श्रोता, जन्माने ब्राह्मण, उठून बोलतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: तुम्ही आमची जुनी पुराणं वाचायला बंदी केलीत, मग त्या तोडीचं दुसरं काही आमच्या हाती का देत नाही? आम्ही वेळ कशात घालवायचा? या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढचा सारा ग्रंथ सांगितला जातो. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, दुसऱ्याचे ५९. जुना करार आणि नवा करार.

ही चौकट नेहमीच्या वाचनात वळसा घालून सोडून दिली जाते. अभ्यासक म्हणतात, पुराणांत श्रोता-वक्त्याची रचना असतेच, शौनक विचारतो आणि सूत सांगतो, स्टीफन्सने ती उचलली. बरोबर आहे. पण शौनकाने सूताला कधी ‘तुम्ही आमचं काढून घेतलंत’ असं म्हटलेलं नाही. इथे श्रोत्याच्या तोंडी आहे ती जिज्ञासा कमी आणि तक्रार जास्त. स्टीफन्सने ही तक्रार ग्रंथाच्या दारातच बसवली आहे. तो ती वगळू शकला असता. देवदूताने स्वप्नात येऊन आज्ञा केली, असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. संतचरित्रांत अशा आज्ञांना तोटा नाही. त्याने मात्र आपल्या ग्रंथाचं कारण म्हणून विद्यार्थ्याचं गाऱ्हाणं नोंदवलं.

ती तक्रार किती खरी होती, यासाठी थोडं मागे जावं लागेल.

साष्टीतली देवळं १५६७च्या सुमारास पाडली गेली. त्याआधी, १५५९ मध्ये, पोर्तुगालच्या राजाचा हुकूम निघाला होता की हिंदूंची अनाथ मुलं गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावीत आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. म्हणजे वर्ग कुठून भरत होते, याचं एक उत्तर सरकारी कागदावरच आहे. जुन्या पोथ्या बाळगणं गुन्हा झाला होता. गंमत अशी, आणि ही गंमत कडू आहे, की जेझुइटांनी त्याच पोथ्यांमधल्या कितीतरी कथा आपल्या अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्यांतली काही हस्तलिखितं आजही पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. गावातल्या माणसाला जे वाचायला मनाई, ते मास्तरांच्या कपाटात.

स्टीफन्स गोव्यात उतरला २४ ऑक्टोबर १५७९ला. वय तिशीच्या घरात. चार वर्षांनी, २५ जुलै १५८३ रोजी, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्यासोबतच्या काही लोकांना ठार मारलं. मेलेल्यांत रुडॉल्फ अक्वाव्हिवा होता, अकबराच्या दरबारात राहून आलेला. पुढे गावच्या मुखत्यारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांना मारलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्सने पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावाला, रिचर्डला, लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीचं हत्याकांड आहे, आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची वाखाणणीही आहे: यांची रचना ग्रीक आणि लॅटिनला जवळची वाटते, असं निरीक्षण. विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध व्याख्यान १७८६चं, म्हणजे दोनशे वर्षं नंतरचं. भाषाशास्त्राचे लोक या एका वाक्यासाठी त्या पत्राकडे जातात. मला त्यातली शेजारवस्ती जास्त अस्वस्थ करते. सहकाऱ्यांच्या प्रेतांची बातमी आणि क्रियापदांचं कौतुक एकाच कागदावर. असं होतं माणसाचं. कर्फ्यू उठल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हीही वर्गात समास शिकवले आहेत.

आता याला दुसरी बाजू लावा. हा माणूस इंग्लंडमधून का आला? विल्टशरमधल्या बुश्टन गावात त्याचा जन्म १५४९च्या आसपासचा. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं दिवसेंदिवस धोक्याचं होत चाललं होतं. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक मित्राबरोबर हा त्याचा नोकर असल्याचं भासवून हिंडत होता. दोघांनी मिळून रोमला जायचं ठरवलं होतं. पाउंड पकडला गेला आणि पुढची तीसेक वर्षं बहुतांश तुरुंगातच राहिला. स्टीफन्स एकटा रोमला पोचला, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला, आणि तिथून त्याने तुरुंगातल्या मित्रासाठी खटपट केली. पाउंडला कैदेतच ‘ब्रदर’ म्हणून संघात घेतलं गेलं.

ब्रदर आणि फादर यांतला फरक आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या आवाराबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. फादर म्हणजे पुरोहितपदाची दीक्षा झालेला. ब्रदर व्रतं तीच घेतो, ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. पण वेदीवर उभा राहत नाही. तो शिकवतो, स्वयंपाक करतो, बाग बघतो, यंत्रं दुरुस्त करतो. १५५६ मध्ये गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला तेव्हा तो चालवणारा हुआन दे बुस्तामांते हा असाच एक स्पॅनिश ब्रदर होता. स्टीफन्स फादर होता, पुढे साष्टीच्या कॉलेजचा रेक्टरही झाला. पण त्याचं रोजचं जगणं मला ब्रदरच्या जगण्याच्या जवळचं वाटतं: तेच गाव, तीच पोरं, तोच धडा, चाळीस वर्षं. १५७९ नंतर तो मायदेशी परतला नाही. १६१९ मध्ये गोव्यातच वारला.

तर ज्या देशात त्याची प्रार्थना गुन्हा ठरत होती, तिथून निघालेला हा माणूस अशा देशात आला जिथे त्याच्याच लोकांनी दुसऱ्यांची प्रार्थना गुन्हा ठरवली होती. हे त्याला दिसलं का? ग्रंथात याचं सरळ उत्तर सापडत नाही. मूर्तिपूजेबद्दलचा तिटकारा त्यात भरपूर आहे आणि तो जागोजागी बोचतो. त्याच्यावर पांघरूण घालणाऱ्या ‘समन्वयवादी’ वाचनाशी माझं जमत नाही. वैकुंठ हा शब्द वापरला म्हणजे विष्णूबद्दल आदर दाखवला, असं नसतं. वैकुंठ हे घर त्याने ताब्यात घेतलं आणि आतल्या माणसाला बाहेर काढलं, असंही म्हणता येईल. पण तरीही सुरुवातीचा तो तक्रार करणारा श्रोता तिथे आहे. बंदी घातली गेलेल्या वाचकाची भूक किती तीव्र असते, हे इंग्लंडमधून पळून आलेल्या माणसाला सांगावं लागलं नसणार. त्या श्रोत्याला लिहिताना त्याला कोण आठवत होतं, हे मी आपल्या मनाशी ठरवून टाकलं आहे.

भाषेच्या निवडीकडे येतो, कारण इथे सोलापूरच्या वाचकाला काहीतरी जास्तीचं कळतं.

स्टीफन्सने दोन भाषांत लिहिलं. मुलांना पाठ करण्यासाठीची प्रश्नोत्तरी, ‘दौत्रिना क्रिस्ताँ’, त्याने तिथल्या बोलीत म्हणजे कोकणीत केली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. गुरू विचारतो आणि शिष्य उत्तर देतो, असं तिचं रूप. कोकणीचं व्याकरणही त्याने रचलं, ‘आर्ते दा लिंग्व कानारी’. त्यात दियोगु रिबैरु याने भर घातली आणि ते १६४० मध्ये छापून निघालं. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते सर्वांत जुन्यांपैकी आहे. पण पुराण लिहायची वेळ आली तेव्हा त्याने मराठी घेतली. प्रस्तावनेत तो कारण देतो ते असं, की देवाधर्माच्या विषयाला ही भाषा योग्य आहे, पण नुसती मराठी सगळ्यांना समजणार नाही म्हणून तीत इथली बोली मिसळली आहे आणि अवघड शब्द टाळले आहेत.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात मराठीचा गौरव ऐकू येतो. गोव्यातल्या काहींना कोकणीवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. सोलापूरकराला मात्र ही रोजची गोष्ट वाटते. आमचा ग्रामदेव सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. जानेवारीत यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हा मिरवणुकीत मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे असतात आणि कुठला शब्द कुणाचा हे कुणी तपासत नाही. अठराव्या शतकात कर्नाटकातून आलेल्या शुभराय महाराजांनी सोलापुरात मठ केला, चित्रं काढली आणि मराठी पदं रचली. घरी एक भाषा, देवाघरी दुसरी, कचेरीत तिसरी, ही व्यवस्था या पट्ट्यात इतकी जुनी आहे की तिच्यावर अभिमानगीत रचावं असं कुणाला वाटत नाही. स्टीफन्सने हेच पाहिलं. साष्टीत लोक भांडतात कोकणीत आणि पोथी ऐकतात मराठीत. एकनाथ त्याचा समकालीन होता. घाटावर ज्या भाषेत पोथ्या लिहिल्या जात होत्या, तीच खाली कोकणात ऐकली जात होती. पोथीची जागा घ्यायची, तर पोथीच्याच भाषेत घ्यावी लागणार. मास्तराचं हे साधं व्यावहारिक गणित होतं. भाषास्तुतीच्या त्या ओव्या या गणितानंतर येतात, हे लक्षात ठेवलं तर त्यांचा सूर बदलतो. मराठी ही जगात श्रेष्ठ म्हणून तिला निवडलं असं ते नाही. तिला निवडलं आणि मग पुराणकारांच्या रीतीप्रमाणे तिची स्तुती केली, असं ते आहे.

त्यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. परकी भाषा शिकवावी लागली की तिच्यावर एक वेगळ्या प्रकारचं प्रेम बसतं. तिचे खाचखळगे ठाऊक होतात. आमची तेलुगू घरांतली पोरं ‘ते बस आला’ म्हणायची. बसला स्त्रीलिंग का, ट्रकला पुल्लिंग का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जन्माने मराठी माणसाकडे ते नसतंच. त्याला ते शोधायला लावतात ती चुकणारी मुलं. स्टीफन्सची गोष्ट उलटी होती, चुकणारा तोच होता आणि पोरं जन्माने भाषा जाणणारी. अशा वर्गात गुरू कोण, हे तासातासाला बदलत असणार. त्याच्या व्याकरणाच्या मागे अशी किती निनावी पोरं आहेत, याचा हिशेब कुणाकडे नाही.

आता ग्रंथ म्हणून तो कसा आहे? सरसकट चांगला नाही, हे आधी सांगतो. पहिल्या पुराणात वंशावळी आणि राजांच्या हकिकती यांचा मारा आहे. तिथे ओवी नुसती वाहतूक करते, गोणी इथून उचलून तिथे टाकते. शिकवण द्यायची वेळ आली की मास्तर काठी घेतो आणि ओवी ताठ होते. उलट जिथे गोष्ट आहे तिथे तो रमतो. बेथलेहेमच्या रात्रीत रमतो. आणि क्रुसाजवळची मरिया. तिथे धर्मशास्त्र मागे राहतं आणि एका आईचं दुःख पुढे येतं. अशा वेळी ओवीला आपलं जात्यावरचं मूळ आठवतं की काय, असं वाटतं. ओवी हा छंद परक्या माणसाला तिच्या अक्षरांच्या मोजणीतून हाती लागत नाही, तो कानाने धरावा लागतो. स्टीफन्सने तो कुणाच्या तोंडून ऐकला असेल? पोथी सांगणाऱ्यांवर तर बंदी होती. दळणाऱ्या बायकांवर बंदी घालणं मात्र कुठल्याही सरकारला जमलेलं नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे; पण मरियेचा भाग मोठ्याने वाचून पाहा.

दुसरी एक गोष्ट मला या ग्रंथाच्या बाजूने सांगायची आहे ती त्याच्या भेसळीबद्दल. रोमन लिपीत आलेल्या संहितेत पोर्तुगीज-लॅटिन शब्द सरळ मराठी विभक्ती लावून बसले आहेत: स्पिरितु सांतु, बावतिज्म, क्रूस. पुढे १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने लंडनमधल्या मार्सडन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधलं. (अ‍ॅबट ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, त्याच मिशनच्या शाळा सोलापुरातही होत्या. मराठी संतांची इंग्रजीत भाषांतरं त्यांनीच केली.) त्या हस्तलिखितात हे परके शब्द जाऊन त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आलेले दिसतात. मूळ कोणतं, यावर वाद झाले आहेत. देवनागरीतली संहिता अधिक ‘शुद्ध’ आणि म्हणून अधिक ‘मराठी’, असं मानण्याकडे आपला कल सहज झुकतो. मला रोमनमधली जास्त आवडते. तिच्यात वर्ग ऐकू येतो. ज्या गोष्टीला इथे शब्द नव्हता तिथे मास्तराने शब्द तयार करण्यात वेळ घालवला नाही, पोरांनी जो उचलला होता तोच लिहिला. शुद्ध केलेल्या प्रतीत हा आवाज पुसला जातो, आणि त्याबरोबर या शब्दांमागची सत्ताही दिसेनाशी होते. ‘बावतिज्म’ वाचताना समजतं की ही गोष्ट जहाजातून आली आहे. संस्कृत प्रतिशब्द वाचताना वाटतं, ती इथे होतीच.

लिपीवरून आठवलं. स्टीफन्सला हा ग्रंथ देशी अक्षरांत छापायचा होता. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या संघाच्या मुख्याला पत्र लिहिलं. रोमन लिपीला चोवीस ठसे पुरतात, इथल्या लिपीला सहाशेच्या घरात लागतात, पण युक्तीने ते दोनशेपर्यंत आणता येतील, असा हिशेब त्यात आहे. पत्र ज्याला लिहिलं तो क्लॉडियो अक्वाव्हिवा, म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुडॉल्फचा काका. पुतण्याला ज्या लोकांनी मारलं, त्यांच्या अक्षरांसाठी परवानगी मागणारं ते पत्र होतं. ठसे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये ग्रंथ रायतूरला रोमन लिपीत छापला गेला, नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? देवळांतून तो मोठ्याने वाचला जाई, लोक हाताने उतरून घेत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या सरकारने आधी हिंदू पोथ्या बंद केल्या, त्याच सरकारला आता तिच्या जागी आलेली ख्रिस्ती पोथीही ज्या भाषेत होती ती भाषा नको झाली. स्टीफन्सच्या चौकटीतला तो श्रोता तेव्हा जिवंत असता तर पुन्हा उठून उभा राहिला असता. गोव्याबाहेर पडलेल्या कॅथलिक कुटुंबांनी या ओव्या आपल्याबरोबर कन्नड मुलखात नेल्या. १९०७ मध्ये मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी ज्या हस्तलिखितांवरून ग्रंथ छापला, ती तिथे जपली गेली होती. म्हणजे मराठीच्या या तथाकथित अभिमानग्रंथाला तीनशे वर्षं सांभाळलं ते मराठी मुलखाबाहेरच्या, घरात कोकणी आणि बाजारात कन्नड-तुळू बोलणाऱ्या लोकांनी. मराठी वाचकाला देवनागरीत तो मिळाला १९५६ मध्ये, शांताराम बंडेलूंच्या आवृत्तीतून. नंतर कारिदाद द्रागो यांची १९९६ची आवृत्ती आली, आणि नेल्सन फाल्काव यांनी त्यावर दीर्घ अभ्यास करून इंग्रजी भाषांतरही केलं. फाल्काव यांची मांडणी ख्रिस्ती-हिंदू संवादाकडे झुकलेली आहे. ती मला मान्य नसली, तरी त्यांच्याइतका हा ग्रंथ ओवीओवीने कुणी वाचलेला नाही, आणि आपल्या विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी हे काम एका सेलेशियन फादरवर सोडून दिलं, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही.

तुलना करायची तर ‘ख्रिस्तायना’शी करावी: रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेलं. तिथे स्वतःच्या भाषेत, स्वतः निवडलेल्या देवाची गोष्ट सांगितली जाते, आणि निवडीची किंमत सांगणाऱ्यानेच मोजलेली आहे. लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्याच्या निवडीची किंमतही मोजली. स्टीफन्सकडे सांगणाऱ्याने किंमत इंग्लंडमध्ये मोजली होती. साष्टीत ती मोजत होते ते ऐकणारे. म्हणून त्याची ओवी टिळकांच्या ओवीइतकी मोकळी होत नाही. ती सतत समजावत असते. समोरचा आपल्याला मानतो आहे की नुसता घाबरून गप्प बसला आहे, हे त्या वर्गातल्या मास्तराला कधीच कळत नसणार.

ग्रंथात मधूनमधून श्रोत्यांच्या शंका येतात. वक्ता त्या सोडवतो आणि पुढे जातो, पुराणाच्या शिरस्त्याप्रमाणे. मी माझ्या प्रतीत त्या सगळ्या जागांवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. उत्तरं सोडून नुसते प्रश्नच एका पाठोपाठ एक वाचत गेलं की वेगळंच पुस्तक तयार होतं, बरंच लहान आणि बरंच अवघड. शाळा-कॉलेजांत ‘क्रिस्तपुराणा’तला उतारा लावायचाच असेल, तर भाषास्तुतीच्या ओव्यांना काही वर्षं सुट्टी द्यावी आणि आदितवारच्या वर्गात उठून उभ्या राहिलेल्या त्या माणसाचं बोलणं लावावं.